डेबियनवर स्वतःचा मेल सर्व्हर: आधी आयपी आणि डीएनएस, मग पोस्टफिक्स

पोस्टफिक्स (मेल पाठवणारा आणि घेणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (पेट्या सांभाळून फोन-संगणकाला मेल देणारा) बसवायला तासभर पुरतो. पण तुम्ही पाठवलेली मेल जीमेलच्या इनबॉक्समध्ये पडणार की स्पॅममध्ये, हे त्या तासात ठरत नाही. ते ठरतं तुमच्या आयपी पत्त्यावर, रिव्हर्स डीएनएसवर (डीएनएस नावावरून आयपी सांगतं, हे उलट आयपीवरून नाव) आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तीन टेक्स्ट रेकॉर्डांवर. म्हणून इथे सुरुवात तिथूनच केली आहे. ही बाजू जमत नसेल तर पुढचं काही बसवण्यात अर्थ नाही.

गृहीत असं धरलं आहे: डेबियन १२, एकच डोमेन, दहा-वीस मेलबॉक्स. डोमेन उदाहरण.इन, सर्व्हरचं नाव मेल.उदाहरण.इन आणि आयपी २०३.०.११३.२५, तिन्ही जागी स्वतःची माहिती घाला. आज्ञा, फाइली आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, शक्यतो लहान अक्षरांत टाकायची (डीमार्कच्या रेकॉर्डमधलं डीमार्क१ मात्र मोठ्या अक्षरांतच).

जागा आणि आयपी

घरच्या ब्रॉडबँडवर मेल सर्व्हर चालवायचा विचार सोडून द्या. बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतच नाही, सगळे ग्राहक एका पत्त्यामागे असतात. मिळाला तरी तो स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत असण्याची शक्यता मोठी, कारण ती यादी घरगुती आणि मोबाइल पत्त्यांसाठीच आहे. शिवाय रिव्हर्स डीएनएस तुमच्या हातात नसतं.

तेव्हा स्थिर आयपी असलेला व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या. पोस्टफिक्स आणि डव्हकॉटला १ जीबी रॅम पुरते. क्लॅमएव्ही (व्हायरस तपासणारं सॉफ्टवेअर) लावायचं असेल तर ते एकटंच १ जीबीहून जास्त खातं, त्यामुळे ४ जीबी लागेल. इतक्या लहान सर्व्हरवर आम्ही ते लावणार नाही.

वर्षाचे पैसे भरू नका, महिन्याभरासाठी घ्या आणि दोन गोष्टी लगेच तपासा. पहिली, तो आयपी स्पॅमहाउसच्या तपासणी पानावर टाकून बघा. आधीच्या भाडेकरूने त्यावरून स्पॅम ओतलेला असू शकतो. दुसरी, बाहेर जाणारा पोर्ट २५ उघडा आहे का:

एनसी -व्हीझेड जीमेल-एसएमटीपी-इन.एल.गूगल.कॉम २५

नुसतंच थांबून शेवटी टाइमआउट आलं, तर कंपनीने तो पोर्ट बंद ठेवला आहे. क्लाउड कंपन्या नव्या खात्यांसाठी तो सर्रास बंद ठेवतात. सपोर्टला लिहून उघडून मिळतो, पण प्रत्येक ठिकाणी नाही. नकार आला तर कंपनी बदला, किंवा बाहेरची मेल एखाद्या रिले सेवेतून (तुमच्या वतीने मेल पुढे पोचवणारी सेवा) पाठवा. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी रिलेहोस्ट सेटिंग आहे.

आता रिव्हर्स डीएनएस, म्हणजे पीटीआर रेकॉर्ड. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पीटीआर डोमेन विकणाऱ्याच्या पॅनलमध्ये लावायचा नसतो. आयपी ज्याच्या मालकीचा, त्याच्या पॅनलमध्ये, म्हणजे व्हीपीएस कंपनीकडे तो लागतो. २०३.०.११३.२५ चा पीटीआर मेल.उदाहरण.इन असा हवा आणि मेल.उदाहरण.इन चा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारा) परत त्याच आयपीवर यायला हवा. डिग -एक्स २०३.०.११३.२५ असं विचारून खात्री करा. हे जुळलं नाही तर जीमेल ५५० ५.७.२५ असा कोड देऊन मेल सरळ परत करतं.

आयपीव्ही६ ची गंमत वेगळी. सर्व्हरला तो पत्ता आपोआप मिळालेला असतो, त्याला पीटीआर कोणी लावलेला नसतो, आणि पोस्टफिक्स मात्र जीमेलशी आनंदाने त्याच पत्त्यावरून बोलायला जातं. त्यामुळे काही मेल पोचतात, काही परत येतात आणि कारण कळत नाही. दोन्ही पत्त्यांना पीटीआर लावा, नाहीतर इनेट_प्रोटोकॉल्स = आयपीव्ही४ करून टाका.

डीएनएस

बदल करण्याआधी टीटीएल (रेकॉर्ड इतरत्र किती वेळ लक्षात ठेवला जातो ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे चूक सुधारायला दिवसभर थांबावं लागणार नाही. मेल.उदाहरण.इन चा ए रेकॉर्ड झाल्यावर उदाहरण.इन चा एमएक्स (डोमेनची मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारा रेकॉर्ड) लावा: प्राधान्य १०, किंमत मेल.उदाहरण.इन. एमएक्सच्या किमतीत आयपी चालत नाही, सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारा रेकॉर्ड) असलेलं नावही चालत नाही.

एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारा, मूळ डोमेनवरचा टेक्स्ट रेकॉर्ड:

व्ही=एसपीएफ१ एमएक्स ~ऑल

सगळं सुरळीत चाललं की ~ च्या जागी - करा. एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच असतो. आधीच्या मेल सेवेचा जुना रेकॉर्ड तसाच ठेवून दुसरा घातला की दोन्ही निकामी. वेबसाइट किंवा बिलिंगची मेल तिसऱ्याच सेवेतून जात असेल तर तिचं इन्क्लूड याच ओळीत घाला. मात्र हा रेकॉर्ड तपासताना होणाऱ्या डीएनएस चौकशा १० पेक्षा जास्त झाल्या तर एसपीएफ नापास होतं. दोन-तीन मोठ्या सेवांची इन्क्लूड घातली की ही मर्यादा बघता बघता गाठली जाते.

प्रमाणपत्र

होस्टनेमसीटीएल ने सर्व्हरला मेल.उदाहरण.इन हे पूर्ण नाव द्या, फायरवॉलमध्ये २५, ८०, ४६५, ५८७ आणि ९९३ उघडा (एसएसएचचा पोर्ट आधीच उघडा असेल, तो चुकून बंद करू नका). मग सर्टबॉटच्या स्टँडअलोन पद्धतीने लेट्स एन्क्रिप्टचं टीएलएस (एन्क्रिप्टेड जोडणीचं) प्रमाणपत्र घ्या. त्याची मुदत ९० दिवस. नूतनीकरण आपोआप होतं, पण डव्हकॉट जुनंच प्रमाणपत्र हातात धरून बसतं. त्यामुळे /इटीसी/लेट्सएन्क्रिप्ट/रिन्यूअल-हुक्स/डिप्लॉय/ या फोल्डरात पोस्टफिक्स आणि डव्हकॉट रिलोड करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा आणि तिला चालवण्याची परवानगी द्या. किल्लीच्या फाइलच्या परवानग्या सैल करण्याची गरज नाही. दोन्ही प्रोग्राम ती रूट असतानाच वाचतात.

पोस्टफिक्स

पोस्टफिक्स, डव्हकॉट-आयमॅपडी, डव्हकॉट-एलएमटीपीडी, ओपनडीकिम, ओपनडीकिम-टूल्स आणि अनबाउंड ही पॅकेजं एप्टने बसवा. पोस्टफिक्स प्रकार विचारेल तेव्हा इंटरनेट साइट निवडा, मेल नेम म्हणून उदाहरण.इन द्या.

मेलबॉक्सच्या, म्हणजे पेटीच्या, मालकांसाठी लिनक्सची खाती उघडू नका. मेलचा पासवर्ड आणि सर्व्हरवर लॉगिन या दोन गोष्टी वेगळ्याच राहायला हव्यात. सगळ्या पेट्यांचा मालक व्हीमेल नावाचा एकच वापरकर्ता करा, यूआयडी ५०००, घर /व्हार/व्हीमेल. मग /इटीसी/पोस्टफिक्स/मेन.सीएफ मध्ये:

मायहोस्टनेम = मेल.उदाहरण.इन
मायडेस्टिनेशन = लोकलहोस्ट
व्हर्च्युअल_मेलबॉक्स_डोमेन्स = उदाहरण.इन
व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स = हॅश:/इटीसी/पोस्टफिक्स/व्हीमेलबॉक्स
व्हर्च्युअल_अलायस_मॅप्स = हॅश:/इटीसी/पोस्टफिक्स/व्हर्च्युअल
व्हर्च्युअल_ट्रान्सपोर्ट = एलएमटीपी:युनिक्स:प्रायव्हेट/डव्हकॉट-एलएमटीपी
एसएमटीपीडी_सासल_टाइप = डव्हकॉट
एसएमटीपीडी_सासल_पाथ = प्रायव्हेट/ऑथ

एलएमटीपी म्हणजे पोस्टफिक्सकडून डव्हकॉटकडे मेल देण्याची वाट, सासल म्हणजे लॉगिनची तपासणी. दुसरी ओळ महत्त्वाची आहे. इन्स्टॉलरने मायडेस्टिनेशनमध्ये तुमचं डोमेन स्वतःहून घातलेलं असतं. ते तिथे राहिलं तर पोस्टफिक्स पेट्या लिनक्सच्या खात्यांमध्ये शोधतं आणि "युझर अननोन इन लोकल रेसिपियंट टेबल" म्हणत सगळी मेल नाकारतं. एक डोमेन एकाच यादीत.

व्हीमेलबॉक्स फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर एक पत्ता आणि त्यापुढे काहीही एक शब्द, उदाहरणार्थ ओके. फाइल बदलली की दरवेळी पोस्टमॅप चालवायचं. व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्स ही सेटिंगच रिकामी ठेवली तरी मेल येते, म्हणून काही जण ती गाळतात. मग पोस्टफिक्स अस्तित्वात नसलेल्या पत्त्यांचीही मेल आधी स्वीकारतं, डव्हकॉट नाकारतं आणि परतीची मेल खोट्या प्रेषकाला, म्हणजे तिसऱ्याच निरपराध माणसाला जाते. असे परतीचे लोंढे सुरू झाले की आयपी काळ्या यादीत गेलाच म्हणून समजा.

व्हर्च्युअल फाइलमध्ये पोस्टमास्टर, अब्यूज आणि रूट हे तीन पत्ते खऱ्या पेटीकडे वळवा. रूट विसरला तर क्रॉनचे इशारे कोणालाच मिळत नाहीत.

प्रमाणपत्र लावताना एसएमटीपीडी_टीएलएस_सर्ट_फाइल मध्ये फुलचेन.पेम द्या. नुसतं सर्ट.पेम दिलं तर मधलं प्रमाणपत्र जात नाही, डेस्कटॉपवर कधीकधी चालून जातं आणि फोन तक्रार करतो. पोर्ट २५ वर टीएलएस ची पातळी मे (जमेल तिथेच टीएलएस) एवढीच ठेवा. तिथे सक्ती केली तर ज्यांच्याकडे टीएलएस नाही त्यांची मेल अडते.

लॉगिन करून मेल पाठवणं फक्त ५८७ आणि ४६५ वर. त्यासाठी मास्टर.सीएफ मधल्या सबमिशनच्या दोन गटांच्या ओळींपुढची # चिन्हं काढा. ५८७ ला टीएलएस एन्क्रिप्ट, ४६५ ला रॅपरमोड येस, दोन्हींना एसएमटीपीडी_सासल_ऑथ_एनेबल=येस. या फाइलचे दोन हट्ट आहेत. -ओ ने सुरू होणाऱ्या ओळीआधी मोकळी जागा हवीच, ती नसेल तर पोस्टफिक्स ती नवी सेवा समजतं. आणि = च्या दोन्ही बाजूंना जागा नको. मेन.सीएफ मध्ये चालणारी सवय इथे चालत नाही.

मायनेटवर्क्स १२७.०.०.०/८ आणि [::१]/१२८ एवढंच ठेवा. "ऑफिसमधून मेल जात नाही" म्हणून कोणी तिथे मोठा पट्टा घातला, तर त्या पट्ट्यातल्या कोणत्याही यंत्राला पासवर्डशिवाय जगभर मेल पाठवता येते.

आलेल्या जोडपत्रांची मर्यादा मेसेज_साइझ_लिमिट मध्ये बाइटमध्ये असते, मूळ किंमत १०२४००००. मेलमध्ये फाइल साधारण तृतीयांशाने फुगते, म्हणजे ७ एमबीच्या पुढे गेलेली पीडीएफ अडू लागते. २५ एमबीच्या फाइली घ्यायच्या तर ३६७००१६० करा.

डव्हकॉट

सगळं /इटीसी/डव्हकॉट/कॉन्फ.डी/ मध्ये. १०-मेल.कॉन्फ मध्ये मेल_लोकेशन = मेलडिर:~/मेलडिर. १०-ऑथ.कॉन्फ मध्ये ऑथ-सिस्टिमची ओळ बंद आणि ऑथ-पासवर्डफाइलची चालू. त्या फाइलमध्ये पासडीबी /इटीसी/डव्हकॉट/युझर्स वर न्या आणि युझरडीबी स्टॅटिक करा: यूआयडी=व्हीमेल जीआयडी=व्हीमेल होम=/व्हार/व्हीमेल/%डी/%एन. युझर्स फाइलमध्ये पूर्ण पत्ता, कोलन आणि डव्हएडीएम पीडब्ल्यू -एस बीएलएफ-क्रिप्ट ने काढलेला हॅश. या फाइलचा गट डव्हकॉट, परवानगी ६४०.

१०-मास्टर.कॉन्फ मध्ये दोन सॉकेट (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या फाइली) पोस्टफिक्सच्या हाताशी ठेवायची: /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेट/डव्हकॉट-एलएमटीपी (६००) आणि त्याच फोल्डरात ऑथ (६६०), दोन्हींचा मालक आणि गट पोस्टफिक्स. जागा हीच का, तर डेबियन १२ वर पोस्टफिक्सच्या सेवा /व्हार/स्पूल/पोस्टफिक्समध्ये कोंडलेल्या चालतात आणि बाहेरचं सॉकेट त्यांना दिसतच नाही. लॉगमध्ये "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" दिसतं, तुम्ही बघता तर फाइल जागेवर असते, कारण हे.

१०-एसएसएल.कॉन्फ मध्ये एसएसएल = रिक्वायर्ड करा. प्रमाणपत्राच्या मार्गाआधी < हे चिन्ह लागतं, ते पुसलं तर डव्हकॉट मार्गाचा मजकूरच प्रमाणपत्र समजतं.

फोनवर खातं जोडताना युझरनेम म्हणून पूर्ण पत्ता द्यायचा. "पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही" या तक्रारींत निम्म्या वेळा फक्त @ च्या आधीचा भाग टाकलेला असतो.

डीकिम आणि डीमार्क

डीकिम म्हणजे पाठवलेल्या मेलवरची डिजिटल सही. ओपनडीकिम-जेनकी ने २०४८ बिटची किल्ली काढा, सिलेक्टर (किल्लीचं नाव) म्हणून वर्ष-महिना द्या, म्हणजे पुढे किल्ली बदलताना गोंधळ होत नाही. खाजगी किल्लीचा मालक ओपनडीकिम, परवानगी ६००. ओपनडीकिमचं सॉकेटही वरच्याच कारणासाठी /व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/ओपनडीकिम/ या फोल्डरात न्या, फोल्डर आधी तयार करून ओपनडीकिमच्या नावे करा आणि पोस्टफिक्स वापरकर्त्याला ओपनडीकिम गटात घाला. मेन.सीएफ मध्ये एसएमटीपीडी_मिल्टर्स ला ते सॉकेट द्या आणि नॉन_एसएमटीपीडी_मिल्टर्स लाही. दुसरं राहिलं तर फोनवरून पाठवलेल्या मेलवर सही होते, पण याच सर्व्हरवरच्या वेबसाइटच्या फॉर्ममधून निघालेल्या मेलवर होत नाही.

जेनकी जी टेक्स्ट फाइल देते तिच्यात किल्ली अवतरणचिन्हांतल्या तुकड्यांत असते, कारण टेक्स्ट रेकॉर्डचा एक तुकडा २५५ अक्षरांपलीकडे जात नाही. पॅनलमध्ये चिकटवताना कंस आणि अवतरणं काढून तुकडे सलग जोडा, मध्ये जागा नको. नावाच्या रकान्यात फक्त सिलेक्टर आणि ._डोमेनकी. पूर्ण नाव टाकलं की बरीच पॅनलं मागे पुन्हा उदाहरण.इन जोडतात आणि रेकॉर्ड भलत्याच नावावर बसतो. ओपनडीकिम-टेस्टकी चालवून बघा.

डीमार्क म्हणजे एसपीएफ आणि डीकिम नापास झाले तर मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड. तो _डीमार्क या नावावर:

व्ही=डीमार्क१; पी=नन; आरयूए=मेलटू:पोस्टमास्टर@उदाहरण.इन

दोनेक आठवडे येणारे अहवाल वाचा. तुमच्या नावाने मेल पाठवणारी एखादी विसरलेली सेवा, बहुधा हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा न्यूजलेटर, त्यात हमखास सापडते. तिची सोय लावल्यावरच पी=क्वारंटाइन करा. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले आहेत. दिवसाला ५,००० हून जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात. लहान पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकिम पैकी एक पुरेल असं नियम म्हणतो, तरी तिन्ही लावा. मेल पुढे फॉरवर्ड झाली की एसपीएफ मोडतं आणि डीकिमची सही टिकते.

येणारा स्पॅम

स्पॅमहाउसची यादी लावणं सोपं आहे आणि त्यातच येणारी सगळी मेल बंद पाडणारा सापळा आहे. ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) विचारलं तर स्पॅमहाउस उत्तर म्हणून १२७.२५५.२५५.२५४ हा चौकशीच चुकल्याचं सांगणारा कोड पाठवतं. पोस्टफिक्सला तो "यादीत आहे" असाच वाटतो आणि ते एकूण एक मेल नाकारतं. त्यासाठीच अनबाउंड, म्हणजे स्वतःचा रिझॉल्व्हर, बसवलं. /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ मध्ये १२७.०.०.१ ठेवा आणि पोस्टफिक्स रीस्टार्ट करा, कारण कोंडलेल्या जागेत त्या फाइलची वेगळी प्रत असते. मग एसएमटीपीडी_रेसिपियंट_रिस्ट्रिक्शन्स मध्ये हा क्रम:

परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट_आरबीएल_क्लायंट झेन.स्पॅमहाउस.ऑर्ग=१२७.०.०.[२..११]

यादी लॉगिनच्या आधी आली तर तुमचीच माणसं अडतील, कारण मोबाइल नेटवर्कचे आयपी पीबीएलमध्ये असतात. ग्रेलिस्टिंग लावायचं का? स्पॅम कमी होतो, पण अनोळखी सर्व्हरची पहिली मेल मुद्दाम परतवली जाते. बँकेचा ओटीपी दहा मिनिटांनी आला की लोक सर्व्हर चालवणाऱ्याच्या नावाने खडे फोडतात. नको.

तपासणी

बाहेरच्या यंत्रावरून पोर्ट २५ ला जोडून, लॉगिन न करता, तिसऱ्याच डोमेनला मेल पाठवायचा प्रयत्न करा. "रिले ॲक्सेस डिनाइड" असं उत्तर यायला हवं. डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये त्याचा कोड ४५४ असतो, रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन लावल्यावर ५५४. यातलं काहीच न येता मेल स्वीकारली गेली तर सर्व्हर ताबडतोब बंद करा, सेटिंग नंतर बघा.

मग जीमेलला एक मेल पाठवा आणि तिथे "शो ओरिजिनल" उघडा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे पास दिसलं की काम झालं. तरीही पहिले काही दिवस मेल स्पॅममध्ये जाऊ शकते, नव्या आयपीची ओळख व्हायला वेळ लागतो. पहिल्याच दिवशी हजार जणांना परिपत्रक पाठवू नका.

डेबियन १२ वर /व्हार/लॉग/मेल.लॉग सापडणार नाही, कारण आरसिस्लॉग (लॉग फाइलींत लिहिणारं सॉफ्टवेअर) मुळात बसवलेलंच नसतं. जर्नलसीटीएल -यू पोस्टफिक्स@- असं बघा. शेवटची @- गाळली तर जवळजवळ काहीच दिसत नाही; पोस्टफिक्स नावाची सेवा तिथे नुसती पाटी आहे, खरं काम @- वाली करते. स्टेटस=सेंट म्हणजे समोरच्या सर्व्हरने घेतली एवढंच, इनबॉक्समध्ये पडली असं नाही. डिफर्ड म्हणजे ४ ने सुरू होणारा तात्पुरता नकार, पोस्टफिक्स ५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करेल. ५ ने सुरू होणारा नकार कायमचा. रांग बघायला पोस्टक्यू -पी. रांगेत अचानक शेकडो मेल दिसल्या तर कोणाचा तरी पासवर्ड फुटला आहे: लॉगमध्ये सासल_युझरनेम शोधा, तो पासवर्ड बदला, आणि मगच पोस्टसुपर -डी ने त्या मेल काढा.

मराठी पत्ते

विषय आणि मजकूर मराठीत असेल तर काहीच करावं लागत नाही, तो एन्कोड होऊन जातो. पत्ताच देवनागरीत असेल, .भारत डोमेनवरचा, तर एसएमटीपीयूटीएफ८ (पत्त्यात इतर लिप्या चालवणारी सोय) लागतं. पोस्टफिक्सला ते ३.० पासून येतं, डव्हकॉट २.३ च्या एलएमटीपीला येत नाही. परिणामी मेल स्वीकारली जाते आणि आत पोचवताना परत फिरते. डव्हकॉट २.३ आहे तोवर एसएमटीपीयूटीएफ८_एनेबल = नो ठेवा, म्हणजे नकार दारातच मिळेल आणि पाठवणाऱ्याला लगेच कळेल.

चालू झाल्यावर

पासवर्डांवर हल्ले पहिल्याच दिवसापासून सुरू होतात. फेल२बॅन (चुकीचे पासवर्ड टाकत राहणारे आयपी अडवणारं सॉफ्टवेअर) लावा, आणि डेबियन १२ वर त्याला बॅकएंड = सिस्टिमडी सांगा; लॉग फाइल नसल्याने ते नाहीतर सुरूच होत नाही. कंपनीसाठी सर्व्हर असेल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. आरसिस्लॉग बसवलं तरी लॉगरोटेट मूळ सेटिंगमध्ये चारच आठवडे ठेवतं, तिथे रोटेट २६ करा.

बॅकअपमध्ये /व्हार/व्हीमेल, /इटीसी/पोस्टफिक्स, /इटीसी/डव्हकॉट आणि डीकिमची खाजगी किल्ली घ्या, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर. डेबियन १३ वर जाताना घाई नको: तिथे डव्हकॉट २.४ आहे, सेटिंगची मांडणी बदलली आहे आणि मेल_लोकेशनच्या जागी मेल_ड्रायव्हर व मेल_पाथ आले आहेत. जुन्या फाइली तशाच नेल्या तर डव्हकॉट सुरू होणार नाही. वेगळ्या व्हीपीएसवर नवी मांडणी आधी चालवून बघा, मगच मुख्य सर्व्हरला हात लावा.